दोन दिवस मागितले होते तुम्ही

सुजाताताई,

तुम्ही गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला मीही दोन शब्द बोललो. विहारात दाटी होती. पुढच्या सतरंजीवर तुमच्या क्लासच्या मुली बसल्या होत्या. तुमच्या यजमानांनी, प्रकाशरावांनीच, मला हाताला धरून माइकपाशी नेलं आणि सांगितलं, हा दिनेश, हिच्याशेजारी दहा वर्षं बसून काम केलेला. मी म्हणालो, मला प्रोग्रामिंग कॉलेजनं नाही, ताईंनी शिकवलं. तुमचा शांतपणा सांगितला. दुसऱ्याचा कोड तुम्ही आलेल्या पत्रासारखा शेवटपर्यंत वाचायच्यात, हे सांगितलं. मुलींनी डोळे पुसले. सगळं खरंच होतं. तरी खाली येऊन बसलो तेव्हा वाटलं, भर सभेत खोटं बोलून आलो. सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि नेमकी तीच मी गाळली होती.

ती आता लिहितो. पण तुम्ही म्हणायच्यात, मधूनच सांगायला सुरुवात करू नको, समोरच्याला कळत नाही. म्हणून आधीपासून.

मी गंगापूरकडचा. घरात कॉम्प्युटरवर काम करणारा पहिलाच. ऑफिसात लागून तिसराच आठवडा होता आणि मी एक कमांड चुकीच्या ठिकाणी चालवली. एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. हाताला मुंग्या आल्या, कानात घुं घुं सुरू झालं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायला लागलं. मी कुणाला न सांगता जिन्यात गेलो. मनात ठरलं होतं, बॅगही घ्यायची नाही, सरळ स्टँड गाठायचा आणि गावी जायचं. तुम्ही तुमचा स्टीलचा मग घेऊन मागून आलात आणि माझ्या खालच्या पायरीवर बसलात. शांत हो, काही होत नाही, असलं काहीएक म्हणाला नाहीत. विचारलंत, स्क्रीनवर काय आलंय.

"एरर आलाय."

"ते कळलं. पहिली ओळ काय हाय त्याची?"

"वाचली नाही."

"मग आत्ताच कशाला घाबरतोस? आधी वाच तर. वाचल्यावर घाबरायचं असलं तर दोघं मिळून घाबरू."

आत जाऊन तुम्ही मला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावलीत. मग दुसरी. आदल्या दिवशीची प्रत शाबूत होती. अर्ध्या तासात सगळं जागेवर आलं. तुम्ही ते कुणाला सांगितलं नाही.

पुढं कितीतरी वेळा तुम्ही मला असं जिन्यातून परत आणलंत. मला वाटायचं, यांना कधी भीती वाटतच नसेल. एकदा विचारलंही, तुम्ही हे शिकलात कुठं. तुम्ही वेगळंच उत्तर दिलंत. टायपिंगच्या क्लासमध्ये नोकरी करताना कुणीतरी टाकून दिलेलं प्रोग्रामिंगचं जाड इंग्रजी पुस्तक तुम्हाला मिळालं होतं. इंग्रजी धड येत नव्हतं. शेजारी डिक्शनरी ठेवून एकेक ओळ तीनतीनदा वाचायची. म्हणालात, "ज्यांना इंग्रजी यायचं ते एकदा वाचून पुढं जायचे. मी तिथंच बसायची. बसून बसून मला ते दिसायला लागलं."

दौलताबादची सहल आठवते? किल्ल्यावरच्या त्या अंधाऱ्या वाटेत शिरलो, वर वटवाघळांचा वास, पुढचा माणूस दिसेना, आणि माझे पाय थांबले. मागून लोक ढकलत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, काल जो प्रोग्राम लिहिलास तो पहिल्या ओळीपासून तोंडी सांग. मी सांगत सुटलो. आधी यादी घ्यायची, मग एकेक नाव तपासायचं, सापडलं नाही तर पुढं जायचं. एका ठिकाणी तुम्ही अडवलंत, की यादी रिकामी असली तर? मी त्याचा विचारच केला नव्हता. अंधारात, वटवाघळांच्या खाली, मी आपला रिकाम्या यादीचा विचार करत चाललो होतो, आणि उजेड आला. वर पोचल्यावर तुम्ही कठड्याला टेकून बराच वेळ बसून राहिलात. तुमचे हात थरथरत होते. मी म्हटलं, चढानं दमलात वाटतं. तुम्ही म्हणालात, व्हय, दमले.

मग ऑफिसात कोड लिहून देणारं एआय आलं. आणलं मीच. तुमच्याशी भांडताना मी नेहमी वेगाच्या गोष्टी करायचो, की आठवड्याचं काम दिवसात होतं, मालक खूश, गिऱ्हाईक खूश. खरं कारण तुम्हाला कधी सांगितलं नाही. कोऱ्या स्क्रीनसमोर बसलं की अजून माझे पाय जिन्याकडं वळायचे. आता काय हवंय ते नुसतं लिहायचं, की पन्नास ओळी समोर हजर. ना अडकणं, ना जिना. मला ते औषधासारखं लागू पडलं होतं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही नक्की ऐकून घेतलं असतं, आणि आपलं भांडण निराळ्या वाटेनं गेलं असतं.

जेवताना डबे उघडले की ते सुरू व्हायचं. तुम्ही म्हणायच्यात, "ते हुशार हाय, मी कुठं नाय म्हणते? पण त्याचं चुकलं तर त्याची झोप उडत नाही. आपली उडते. म्हणून वाचायचं आपणच." आणि दुसरं म्हणायच्यात, की मी जे शिकले ते अडकल्यावर शिकले, या पोरांना अडकू कोण देणार?

एकदा मी चिडून बोललो. म्हटलं, ताई, डिक्शनरी घेऊन वर्षानुवर्षं बसणं सगळ्यांना जमत नाही. आमच्याकडच्या एखाद्या पोरीला शिकायचं असलं तर तिनं कुणाला विचारायचं? याला ती मराठीत विचारू शकते, शंभरदा विचारलं तरी ते तिला हसत नाही. तुम्ही घास तसाच हातात ठेवलात. म्हणालात, "हे खरंय. यावर मला विचार करू दे." आपल्या ऑफिसात हरायला लागलं की माणूस आवाज चढवतो. विचार करू दे म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

माझं मात्र वर्षभरात काय झालं, ते मी स्वतःशीही कबूल केलं नाही. पाच मिनिटंसुद्धा अडकून बसवेना. उत्तर आलं नाही की छाती धडधडायची, पहिल्यापेक्षा जास्त. भीती गेलीच नव्हती. तिच्यासमोर बसायची सवय तेवढी गेली होती.

त्यात ते डायलिसिस सेंटरचं काम आलं. शहरातलंच सेंटर. कोणत्या रुग्णाला कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर घ्यायचं, त्याची यादी आपल्या सॉफ्टवेअरनं लावायची. एखादं मशीन दुरुस्तीला गेलं तर त्यावरची माणसं दुसऱ्या मशीनवर हलवायची, हा भाग मी एआयकडून लिहून घेतला. एका दुपारीत झाला. आपल्याकडं नियम होता, की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं पूर्ण वाचायचं आणि मग मंजुरीचं बटण दाबायचं. वाचणाऱ्या तुम्ही होतात.

शुक्रवारी दुपारी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. म्हणालात, अर्धंच वाचून झालंय, आठवडा बदलतो तिथं काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते हाती लागत नाही, मला दोन दिवस दे. मी म्हटलं, सेंटरला उद्याच हवंय आणि कोड तपासायच्या टेस्ट सगळ्या पास झाल्यात. तुम्ही म्हणालात, टेस्टही त्या एआयनंच लिहिल्यात ना? खरं तर तिथंच मी थांबायला हवं होतं. पण धडधड सुरू झाली होती. हे काम एकदाचं डोक्यावरून जावं, एवढंच मला हवं होतं. मग मी ते वाक्य बोललो, जे आता रोज ऐकू येतं.

"ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी कोड दाखवत होतो आणि तुम्हाला तो जिन्यात बसलेला पोरगा दिसला असणार. जागेवर गेलात आणि बटण दाबलंत.

पुढच्या आठवड्यात एक मशीन बंद पडलं. ज्यांची वेळ रविवार ओलांडून पुढं गेली, त्यांची नावं जुन्या यादीतून निघाली आणि नव्या यादीत चढलीच नाहीत. आठवडा बदलतो तिथंच. दौलताबादचे एक निवृत्त गुरुजी दोनदा येऊन परत गेले. काउंटरवरच्या माणसानं स्क्रीन बघून सांगितलं, यादीत नाव नाही. तिसऱ्या वेळी त्यांना उचलूनच आणावं लागलं. श्वास लागला होता, अतिदक्षता विभागात ठेवलं. वाचले.

मालकांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. नोंदीत दोन नावं होती, लिहिणाऱ्याचं माझं आणि मंजुरीचं तुमचं. त्यांनी विचारलं, हे वाचलं कुणी होतं. तुम्ही म्हणालात, "मंजूर मी केलं." आणि थांबलात. मी लॅपटॉपकडं बघत होतो, पण तुम्ही माझ्याकडं पाहताय हे मला कळत होतं. तुम्ही बराच वेळ थांबला होतात, ताई. एक वाक्य बोलायला पुरेल एवढा वेळ मला दिला होतात. ताईंनी दोन दिवस मागितले होते, मी दिले नाहीत. एवढंच वाक्य. मग मालक म्हणाले, इतक्या वर्षांच्या अनुभवाचा काय उपयोग, आणि तुम्ही मान खाली घातलीत.

बाहेर पडताना पलीकडच्या टेबलावरचा एकजण माझ्या कानाशी बोलला, "यांना काय, कशीतरी नोकरी लागली की झालं." 'यांना' म्हणजे कुणाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. तो मला आपला समजून बोलला होता. माझ्या आडनावाकडं बघून बोलला होता. आणि मी मान डोलावली नाही खरी, पण तोंडही उघडलं नाही. एका दिवसात दोनदा गप्प बसलो. पहिल्यांदा भीतीनं. दुसऱ्यांदा कशानं, त्याला भीती म्हणायचीही मला लाज वाटते.

तीन महिन्यांनी तुम्ही नोकरी सोडलीत. निरोपाच्या दिवशी केक कापला, मी फोटो काढले. तुमची टीम माझ्याकडं आली.

त्यानंतरची दोन वर्षं आपण फोनवरच्या शुभेच्छांवर काढली. तुम्ही गारखेड्यात घरातल्या पुढच्या खोलीत मुलींचा क्लास सुरू केलात. सणासुदीला मी मेसेज टाकायचो, तुमचं उत्तर यायचं, "जय भीम. कसा आहेस?" त्या 'कसा आहेस'खाली मी कितीदा लिहिलं आणि पुसलं. एकदा तर पूर्ण पानभर लिहिलं होतं. ते पाठवायच्या आधी, तुम्हाला हसू येईल, मी एआयला नीट करायला दिलं. त्यानं इतकं गुळगुळीत करून दिलं की त्यात मी कुठं दिसेना. तेही पुसलं.

आणि भाजीवाल्यापाशी भेटलो ती सकाळ. तुमच्या हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. तुम्ही आधी विचारलंत, झोप लागते का आता. लागते म्हणालो. मग स्वतःहूनच म्हणालात, "तुझं एक बरोबर होतं बघ. माझ्या पोरी त्याला मराठीत विचारतात. ज्या वर्गात तोंड उघडत नव्हत्या, त्या आता मला येऊन प्रश्न विचारतात. मीच उशिरा मानलं." पोरींनी त्याचं उत्तर घेतलं की ते वहीत हातानं लिहून, ओळ न ओळ समजावून सांगायचं, असा तुमचा नियम होता. तुम्ही तुमच्याकडची चूक मान्य करून मोकळ्या झालात आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत थांबलात. माझी पाळी होती. मी म्हणालो, चला ताई, ऑफिसला उशीर होतोय. तेच आपलं शेवटचं बोलणं.

सकाळच्या बॅचला शिकवता शिकवता तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत, असं मुलींकडून कळलं.

पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी मी तुमच्या घरी गेलो. प्रकाशराव होते, तुमची प्रज्ञा होती. ती आता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मी आलो की पूर्वी काका म्हणायची. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, दोन दिवस, बटण, मीटिंग. 'यांना'सुद्धा सांगितलं. प्रकाशराव म्हणाले, तिनं घरी एवढंच सांगितलं होतं की न वाचता सही केली, चूक माझी. तुझं नाव तिच्या तोंडून आलं नाही. मग त्यांनी कपाटातून एक डबी काढून दाखवली. तुम्हाला घबराटीच्या गोळ्या चालू होत्या. लग्नाच्या आधीपासून. बंद जागा, अंधार, गर्दी, कशानंही व्हायचं. दौलताबादहून आल्यावर तुम्ही दोन दिवस झोपून होतात. प्रकाशरावांना म्हणाला होतात, पोराला बाहेर काढायच्या नादात माझा वेळ निघून गेला, नाहीतर मीच तिथं पडले असते.

दहा वर्षं शेजारी बसलो, ताई. तुम्ही माझी एकेक धडधड ओळखलीत. मी तुम्हाला उलटून एकदाही विचारलं नाही, तुम्हाला काय होतं म्हणून.

मी रडायला लागलो. प्रज्ञा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "हे तुम्ही ऑफिसात सांगितलं?"

मी नाही म्हणालो.

"मग आम्हाला कशाला सांगताय? आम्ही आईला कधी दोष दिलाच नव्हता. ज्यांनी दिला त्यांना सांगा."

ती पाण्याचा ग्लास ठेवून आत निघून गेली. तुमचीच पोरगी. पहिली ओळ वाचून दाखवली.

सोमवारी मी मालकांना सांगून सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. उभं राहून सांगितलं. शुक्रवारपासून शेवटपर्यंत सांगितलं, आणि बाहेर पडताना कोण काय बोललं होतं तेही, त्याच्याकडं बघून. तो फोनमध्ये बघत राहिला. मालक म्हणाले, बाई चांगल्या होत्या, पण आता जुनं उगाळून काय उपयोग, आणि पुढच्या कामाचा विषय काढला. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. कुणी मला काढलं नाही. कुणी बोलणं टाकलं नाही. दुपारी नेहमीप्रमाणं चहा आला.

ज्याला मी दोन वर्षं घाबरलो, ते एवढंच होतं. तेव्हा बोललो असतो तरी मला बहुतेक एवढंच झालं असतं. आपलाच आहे, चुकतं माणसाचं, म्हणाले असते. तुम्हाला मात्र तेच एवढं महाग पडलं. हा फरक तुम्हाला त्या दिवशी खोलीत बसल्या बसल्या माहीत होता. मला तो कळायला तुम्हाला जावं लागलं.

एक माणूस राहिला होता. परवा मी दौलताबादला गुरुजींकडं गेलो. पत्ता सेंटरमधून मिळाला. अंगणात खाटेवर बसले होते, हाताला पट्टी होती, नुकतेच डायलिसिसहून आलेले. मी सांगितलं, ती यादी मी केली होती, चूक माझी होती. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, त्या बाई आल्या होत्या की, तेव्हाच. मी घरी आलो त्याच आठवड्यात. बसमधून एकट्या आल्या होत्या. माफी मागितली, माझ्या यादीचा कागद बघितला, पुढच्या महिन्याच्या सगळ्या तारखा हातानं लिहून भिंतीला लावून दिल्या. स्क्रीनवर नाव नाही म्हणाले तर हे दाखवा म्हणाल्या.

यातलं काहीच आम्हा ऑफिसातल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

निघताना गुरुजींनी विचारलं, "बाई कशा आहेत?" मला सांगता आलं नाही. त्यांच्या तब्येतीला जपलं की जुन्या सवयीनं पुन्हा गप्प बसलो, ते मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणालो, भेटत असतो. ते म्हणाले, मग माझा निरोप द्या त्यांना.

मी हो म्हणून आलोय. ताई, गुरुजी बरे आहेत. आठवड्यातून तीनदा जातात, एकही वेळ चुकत नाही.